सेनोबिओ कुठे कुठे पळतो

वायुकाची गावात सेनोबिओला कुणी काहीही म्हटलं तरी चालायचं. दारुडा म्हणा, थापाड्या म्हणा, तो टोपी उचलून हसायचा. फक्त ‘सेनोबिओ, तू वाजवताना लय पळवतोस’ एवढं वाक्य त्याच्यासमोर काढायची कुणाची छाती नव्हती. ‘लोस तेर्कोस’ नावाच्या वाद्यवृंदाचा तो म्होरक्या आणि पहिला सॅक्सोफोन. तेर्कोस म्हणजे हेकेखोर. नाव त्यानंच ठेवलं होतं, आणि ठेवताना बाकीच्या तेरा जणांचा त्यानं मुळीच विचार केलेला नव्हता.

ते वाक्य शेवटी काढलं त्याच्या लेकीनं. योवाना त्याच वृंदात तिसरा सॅक्सोफोन वाजवायची. बरं, घरात चार भिंतींत म्हणावं, तर तेही नाही. मे महिन्यात क्रुसाच्या जत्रेत, सगळे तेर्कोस, यजमान, यजमानाचा सासरा आणि बिअरचे क्रेट उतरवणारी माणसं यांच्या देखत ती म्हणाली, “बाबा, तिसऱ्या फेरीत तुम्ही पळालात.” सेनोबिओनं गळ्यातला पट्टा काढला, सॅक्सोफोन पेटीत ठेवला, आणि पुढच्या जत्रेत योवानाच्या जागी क्लॅरिनेटवाल्याचा पुतण्या उभा होता.

तेव्हापासून बाप लेकीशी बोलत नव्हता. म्हणजे बोलायचा, पण बायकोच्या तोंडून. “एर्मेलिंदा, तुझ्या लेकीला सांग, चटणी इकडे सरकव.” चटणी लेकीच्या कोपराशी, लेक बापाच्या समोर, आणि निरोप मात्र चुलीपर्यंत जाऊन परत यायचा. एर्मेलिंदाला सुरुवातीला गंमत वाटली. वर्ष उलटल्यावर तिची चपातीएवढी सहनशक्ती बिस्किटाएवढी झाली.

योवानाचं म्हणाल तर तिला बापावर राग काढायचा नव्हता. तिचा स्वभावच तसा होता. चुकीच्या जागी पडलेला ठोका तिला सहन व्हायचा नाही, आणि सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. चर्चच्या घंटेपासून शेजारणीच्या कांडण्यापर्यंत तिनं सगळ्यांना सुधारून पाहिलं होतं, त्यामुळे तिला मैत्रिणी बेताच्याच होत्या. बापाचा अबोला मात्र तिला मनापासून खुपत होता. तिला वृंदातली जागा नको होती. त्यानं एकदा तिच्याकडे बघून, तिचं नाव घेऊन काहीतरी मागावं, चटणी का असेना, एवढंच हवं होतं.

वृंदातून निघाल्यावर तिनं आपला हट्ट दुसरीकडे नेला. वांकायो शहरात दुकानांच्या एका गॅलरीच्या दुसऱ्या मजल्यावर ती मोबाइलची कव्हरं विकायची, आणि समोरच्याच गाळ्यात नाचाचं यंत्र होतं. पायाखाली बाणांच्या फरश्या, समोर पडदा. पडद्यावर बाण वर सरकत येतात, रेघेला टेकले की त्या फरशीवर पाय मारायचा. वेळेवर मारला तर यंत्र कौतुक करतं, नाहीतर सगळ्या गॅलरीसमोर लाज काढतं. मुलांनी यंत्राचं मूळ पोट काढून त्यात आपला कॉम्प्युटर बसवला होता, म्हणजे हवं ते गाणं घालता यायचं. पण बाण आपोआप उगवत नाहीत. कुणीतरी बसून मांडावे लागतात, आणि त्याआधी गाण्याची लय कॉम्प्युटरला शिकवावी लागते. हे काम वांकायोत योवानाइतकं चोख कुणी करत नव्हतं.

कॉम्प्युटरवरच जन्मलेल्या गाण्याला एक आकडा पुरतो. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत कवायत केल्यासारखं एका चालीनं जातं. माणसांनी वाजवलेल्या गाण्यात मात्र लय जिथे बदलेल तिथे खूण रोवावी लागते: इथून पुढे इतकी जलद, इथून पुढे इतकी सावकाश. खूण चुकली की बाण आणि आवाजाची फारकत होते. लिमातली काही आळशी मंडळी यावर सोपा उपाय करत. गाणंच कापून, ताणून, सरळ करून टाकत. योवाना त्यांना इंटरनेटवर वाटेल ते बोलली होती. गाण्याला हात लावायचा नाही, आपण गाण्यामागे जायचं, हा तिचा एकमेव धर्म होता.

यंदा या यंत्रावरच्या नाचाची स्पर्धा वांकायोत होती. प्रथा अशी की अंतिम फेरीचं गाणं यजमान शहर निवडणार, आणि पाहुण्यांनी ते आधी ऐकलेलं नसणार. गेल्या वर्षी लिमावाल्यांनी कसलंसं खडखडाटी गाणं घालून वांकायोची धूळधाण केली होती. त्याचा वचपा काढायचा म्हणून झिमी योवानाच्या गाळ्यावर येऊन बसला. झिमीचं नाव कॉलेजात होतं आणि हजेरी यंत्रावर. वांकायोत त्याच्या पायाला तोड नव्हती.

“वायलार्श घाल,” तो म्हणाला. वायलार्श म्हणजे तिकडचा कार्निव्हलचा, टाचा आपटत करायचा नाच. “तुझ्या बाबांचं. जुनं, चौकात रेकॉर्ड केलेलं. टाच आपटायची ती आपल्याकडे. लिमावाले टाच फक्त बुटात घालतात.”

योवाना हो म्हणून बसली आणि मग तिला कळलं की आपण काय करून ठेवलंय. तेर्कोसांकडे ढोल नाही, ताशा नाही, काही नाही. सॅक्सोफोनांची फौज, दोन क्लॅरिनेट, एक व्हायोलिन आणि एक हार्प. ठोका पकडायचा तर कुणाचा पकडायचा? दहा सॅक्सोफोन दहा वेळेला पोचतात, एकाच घरच्या लग्नाला निघालेल्या दहा भावांसारखे. खरी लय हार्पवाल्या क्रिस्पीनकाकाच्या डाव्या हातात होती, पण तो हार्प रेकॉर्डिंगमध्ये सॅक्सोफोनांच्या खाली गाडला गेला होता. आणि क्रिस्पीनकाका स्वतः मागच्या हिवाळ्यात जमिनीखाली गेला होता, त्यामुळे विचारायची सोय नव्हती.

त्याचा आवाज मात्र त्या रेकॉर्डिंगमध्ये सापडला. गाण्याच्या मध्यावर लय एकदम बसते, धावती गाडी चिखलात जावी तशी. हेडफोन लावून ऐकलं तर त्याच्या जरा आधी पहिला सॅक्सोफोन बदकासारखा ओरडून गप्प होतो, आणि हार्पच्या बाजूनं कुजबुज येते, “दात! सेनोबिओचा दात पडला, दमानं घ्या रे.” योवाना आणि झिमीनं ते पुन्हा पुन्हा ऐकलं आणि गाळ्यात लोळेपर्यंत हसले. बापाच्या समोरच्या दातांची कवळी हा गावात चेष्टेचा विषय होताच. ती भर चौकात निसटली होती हे त्या दिवशीच्या वाजवणाऱ्यांखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

तेवढी एक जागा सोडली तर बाकी गाण्यात अंधार होता. मग योवानानं केलं ते असं: प्रत्येक ठोक्यावर खूण. ठोका केसभर पुढे, खूण पुढे. केसभर मागे, खूण मागे. आठवडाभर खपून तिनं बापाचा श्वासन्‌श्वास पकडला. चुकीला जागा नको, हा तिचा हिशेब. झिमी यंत्रावर चढला आणि गाणं सुरू झालं. त्या यंत्राचा स्वभाव असा की लय वाढली तर बाण जोरात सरकतात, कमी झाली तर रेंगाळतात. इथे तर ती पावलोपावली बदलत होती. बाण उचकी लागल्यासारखे वर यायला लागले. अर्ध्या गाण्यात झिमी खाली उतरला आणि कठड्याला धरून उभा राहिला.

“हे गाणं आहे की भूकंप मोजायचं यंत्र?” तो म्हणाला. “तुझे बाबा पळतात, कबूल. पण एवढे लडखडत नाहीत. तू त्यांचं चालणं मोजायच्या ऐवजी त्यांची खाज मोजलीस.”

योवानाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण तो बरोबर बोलत होता. सूर जरा लांबवला, जरा रेलला, म्हणून लय बदलत नाही. लय खरी बदलते ती काही मोजक्या ठिकाणी, आणि त्या जागा कुठल्या ते वाजवणाऱ्यालाच ठाऊक. जिवंत असलेल्या वाजवणाऱ्यांपैकी ज्याच्यामागे सगळे जायचे तो एकच होता, आणि तो चटणीसुद्धा थेट मागत नव्हता.

रविवारी सकाळी ती अंगणात लॅपटॉप घेऊन बसली. पलीकडे बाप वजडीच्या रश्शाचा वाडगा घेऊन बसला होता, आई मका सोलत होती. योवानानं गाणं लावलं आणि त्यावर कॉम्प्युटरची टिकटिक चालू केली, आपल्या खुणा तपासायला. दुसरी फेरी येईपर्यंत सेनोबिओनं कळ काढली. मग चमचा खाली ठेवला.

“एर्मेलिंदा, तुझ्या लेकीला सांग, ती टिकटिक चुकीच्या जागी पडतेय.”

आईनं सांगितलं. योवाना म्हणाली, आई, त्यांना विचार, मग बरोबर जागा कुठली. आईनं विचारलं. बाप म्हणाला, तिला सांग, इथे लय बदललेलीच नाही, मी नुसता सुरावर टेकलोय. आईनं ‘टेकलोय’पर्यंत पोचवलं आणि पुढची दोन वाक्यं तशीच गिळली. लेकीनं विचारलं की मग यापुढच्या ओळीत टेकलाय की पळालाय. हे एर्मेलिंदानं पोचवलं नाही. तिनं मक्याची टोपली उचलली.

“मी पोस्टमन नाही,” ती म्हणाली. “तुम्हा दोघांनाही देवानं एकेक तोंड दिलंय, आणि दोन्ही नको तेवढी चालतात. मी कोंबड्यांकडे चालले.”

ती टोपलीतला मका तोंडात टाकत खरंच गेली, पण खुराड्यापर्यंतच, म्हणजे ऐकू येईल अशा अंतरावर. अंगणात गाणं वाजत राहिलं आणि टिकटिक त्याच्यावर चुकत राहिली. सेनोबिओनं थोडा वेळ कुत्र्याकडे पाहिलं. मग कुत्र्याला उद्देशून म्हणाला की या पुढच्या जागेला मी पळालेलो नाही, बिअर आली होती. कुत्रं उठून गेलं. आता बोलायला लेकीशिवाय कुणी उरलं नव्हतं.

“बिअर आली म्हणजे?” योवाना म्हणाली.

“म्हणजे यजमान क्रेट खांद्यावर घेऊन कोपऱ्यावर दिसला. तोंडात सॅक्सोफोन असताना पिता येत नाही. गाणं संपवावं लागतं. तिथून बदललं बघ, खूण घाल.”

तिनं खूण घातली. तो तिच्याकडे बघून बोलला होता. मग सेनोबिओला जोर चढला. त्यानं खुर्ची ओढली, वाडगा लॅपटॉपला टेकवून ठेवला आणि एकेका जागेचा पंचनामा सुरू केला. इथे दुसऱ्या गावचा वृंद चौकात घुसला, त्यांच्या ठोक्यात आपले पाय वाहून जाऊ नयेत म्हणून आम्ही रेटलं. इथे क्रिस्पीनची मेहुणी पुढे नाचायला आली आणि क्रिस्पीन एकटाच पिसाळला, नाइलाजानं आम्हाला जावं लागलं. इथे काही नाही, नुसता टेकलोय, ती खूण काढ, तीपण काढ. ‘पळालो’ हा शब्द त्यानं एकदाही उच्चारला नाही. प्रत्येक वेळी काहीतरी आलेलं असायचं. पण जागा त्यानं अचूक दाखवल्या, आणि योवानाच्या शेकडो खुणांतून बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या.

गाण्याच्या मध्यावर ती चिखलाची जागा आली. लय बसली. सेनोबिओ ऐकत राहिला. इतकी वर्षं कानाशी सॅक्सोफोन वाजवून त्याचा डावा कान गेला होता आणि उजवा जायच्या वाटेवर होता, त्यामुळे कुजबुज त्याला ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता. योवाना वाट बघत होती. आता हा काय म्हणणार, दात आला?

“इथे तू होतीस,” सेनोबिओ म्हणाला.

“मी?”

“एवढीशी. सगळ्यांच्या पुढे येऊन नाचत होतीस. तुझा बूट निघाला. तू थांबेनास, एका पायात बूट घालून तशीच पाय आपटत राहिलीस, आणि मागे पडायला लागलीस. मग मी सगळ्या वृंदाला हळू केलं. तू बूट घालेपर्यंत.”

खुराड्यापाशी आईनं तोंड उघडलं. हे रेकॉर्ड झालं त्या वर्षीच्या कार्निव्हलमध्ये योवाना अंगभर कांजिण्या घेऊन लिमाला मावशीकडे पडून होती, हे आईला माहीत होतं आणि योवानालाही. आईनं मक्याची मूठ उघड्या तोंडात भरली आणि कोंबड्यांकडे वळली.

योवानाच्या जिभेवर दात आला होता. अगदी टोकावर. हे खोटं आहे, मी तिथे नव्हते, क्रिस्पीनकाकानं नाव घेऊन सांगितलंय. गेल्या वर्षी याहून कमी चुकीवर तिनं बापाला भर जत्रेत पकडलं होतं. तिनं बापाकडे पाहिलं. तो वाडग्याच्या तळाशी काहीतरी शोधत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. त्याला दाताची लाज झाकायची होती, हे तर झालंच. पण झाकायला त्याला बिअर चालली असती, क्रिस्पीनची मेहुणी चालली असती. त्यानं ही थाप निवडली. योवानाला रडू आलं, आणि खोटं ऐकून इतकं बरं वाटतंय याचा तिला रागही आला.

“बरं,” ती म्हणाली, आणि खूण घातली.

नव्या खुणांवर बाण असे सरकायला लागले की झिमीनं पहिल्याच खेपेला दोन्ही हात वर केले. त्या मधल्या जागेचं त्याला काहीच वाटेना. “पडद्याकडे बघायचंसुद्धा नाही,” तो सांगत सुटला. “काका ‘दात’ म्हणाला की पाय आवरायचा. लिमावाल्यांना काय कळणार काका काय म्हणतो ते.” गॅलरीच्या मोठ्या स्पीकरवर क्रिस्पीनकाकाची कुजबुज बसस्टॅंडवरच्या घोषणेएवढी स्वच्छ येत होती. कव्हरं घ्यायला आलेली माणसंसुद्धा हसत होती.

इकडे सेनोबिओनं जाहीर केलं होतं की तो स्पर्धेला येणार, आणि सगळ्या तेर्कोसांना घेऊन येणार. बुटाची गोष्ट त्यानं एव्हाना अर्ध्या गावाला सांगितली होती. गोष्टीत आता बुटाला लाल रंग आला होता.

योवानानं मग जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिनं त्याला इंटरनेटवर जिवंत सोडलं नसतं. तिनं गाणं उघडलं आणि क्रिस्पीनकाकाचा आवाज कापला. नुसता कापून भागेना, तिथे भोक पडलं. मग दुसऱ्या फेरीतला हार्पचा तुकडा आणून ती जागा लिंपली. ‘काका, माफ करा,’ असं ती स्क्रीनला म्हणाली. काका असता तर हसून लोळला असता, पण त्यानं गावाला कधीच न सांगितलेलं आता स्पीकर सांगणार होता, म्हणूनच तर कापावा लागला. झिमीला तिनं सांगितलं नाही. त्याच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नसे. बाण तर दिसतातच, तो बघेल, असं तिनं स्वतःला समजावलं. ते फारसं पटलं नाही, तरी पुसलेला आवाज तिनं परत आणला नाही.

स्पर्धेच्या दिवशी गॅलरीत मुंगीला शिरायला वाव नव्हता. तेर्कोस टोप्या घालून एका रांगेत उभे होते, लग्नाला आल्यासारखे. सेनोबिओ लिमावाल्यांना बुटाची गोष्ट सांगत होता आणि ते ऐकून घेत होते, कारण त्यानं वाट अडवली होती. अंतिम फेरीला एका बाजूला झिमी आणि दुसऱ्या बाजूला अल्दो नावाचा लिमाचा काडीपैलवान चढला. गाणं सुरू झालं. झिमीनं टाचा अशा हाणल्या की खालच्या मजल्यावरची शिंपीण वर बघायला आली. अर्ध्यापर्यंत तो सरळ पुढे होता. तेर्कोस ओरडत होते. मग बदकाचा आवाज आला. झिमीनं कान टवकारले आणि नाचतानाच काकाची वाट बघत राहिला. काका आला नाही. लय बसली, झिमी आधीच्याच वेगात चार बाण हवेत तुडवून गेला, आणि यंत्रानं चारी वेळा त्याची लाज काढली. अल्दोला वायलार्श कळत नव्हता, हार्प कळत नव्हता, तो बिचारा फक्त पडद्याकडे बघत होता. तो जिंकला.

लिमावाले नाचायला लागले. झिमी यंत्रावरून उतरला तो थेट योवानासमोर.

“आवाज कुठे गेला?” तो म्हणाला. “तिथे आवाज होता. तू काढलास.”

“कुठला आवाज?” सेनोबिओनं मागून विचारलं. त्याचा उजवा कान नको तेव्हा बरा चालायचा. तेर्कोसांची रांग वळली. नवऱ्यासोबत आलेली एर्मेलिंदा एकदम आपल्या पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

झिमीनं तोंड उघडलं. योवानानं त्याच्या पायावर पाय ठेवला आणि पूर्ण वजन दिलं.

“रेकॉर्डिंगमध्ये एक लहान मुलगी रडत होती,” ती म्हणाली. “तिचा बूट निघाला म्हणून. मला बरं वाटेना, मी काढून टाकला.”

सेनोबिओनं तिच्याकडे पाहिलं. तिथे कुणी मुलगी नव्हती हे जगात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याची जीभ समोरच्या दातांवरून एकदा फिरली. मग त्यानं टोपी काढली, आणि बायकोकडे न वळता तो लेकीशी बोलला.

“फार रडली होतीस तू, योवाना.”

“हो,” योवाना म्हणाली. “डावा बूट होता.”

“उजवा.”

झिमी एका पायावर उभा राहून दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. योवानानं एक श्वास घेतला.

“उजवा,” ती म्हणाली.